चाचे म्हणायचं कोणाला? व्हायकिंग आणि आपलं आरमार

नागापुरात समुद्राची गोष्ट म्हटल्यावर काहींना हसू आलं असेल. पण या दर्यावर्दी लोकांना समजून घ्यायला शेतकऱ्याचंच डोकं लागतं.

व्हायकिंग हे मुळात एका जातीचं किंवा देशाचं नाव नाही. समुद्रावरच्या मोहिमेवर जाणारा तो व्हायकिंग. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क इथले हे बहुतेक लोक शेतकरी आणि गुरं पाळणारे. ऑर्कनी बेटांवरच्या स्वेन नावाच्या सरदाराची कथा सांगतात. वसंतातली पेरणी उरकली की तो लुटीला निघे, कापणीला परत येई, आणि धान्य घरात आलं की पुन्हा जहाज काढी. आता आपल्याकडे बघा. दसऱ्याला सीमोल्लंघन, मग मुलूखगिरी, आणि पावसाच्या आत शिपाई पुन्हा औताला. दोन्हीकडे शेतीचं वेळापत्रक पाळूनच तलवार बाहेर निघायची.

इ.स. ७९३ मध्ये त्यांनी इंग्लंडमधल्या लिंडिसफार्नचा मठ लुटला. हे लिहून कोणी ठेवलं? मठातल्या लोकांनी. व्हायकिंगांची रून लिपी होती, पण तिच्यातले लेख बहुधा चार-दोन ओळींचे. त्यामुळे जगाला त्यांची लूट पाठ झाली. आइसलँड वसवणारे, इ.स. १००० च्या सुमारास कॅनडाच्या किनाऱ्यावर पोचलेले, अरबी चांदीसाठी रशियातल्या नद्यांतून व्यापार करणारे लोक मात्र मागे पडले.

हेच कान्होजी आंग्र्यांचं झालं. इंग्रजांच्या कागदांत ते चाचे. आपल्याकडे ते छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. आपल्या पाण्यातून जायचं तर दस्तक घ्या, एवढंच त्यांचं म्हणणं. दस्तक नसेल तर जहाज धरायचे. पोर्तुगीज दोनशे वर्षं असेच परवाने विकत होते, त्यांना कोणी चाचे म्हटलं नाही! १७१८ मध्ये इंग्रज खांदेरीवर आले, १७२१ मध्ये पोर्तुगीजांना घेऊन कुलाब्यावर आले. दोन्ही वेळा हात हलवत परत गेले. व्हायकिंगांच्या लांब होड्यांसारखीच आपली गलबतंही वल्ह्यांवर चालत, उथळ पाण्यात शिरत. मोठ्या जहाजांना तिथं पाठलाग जमत नसे.

आता दोघांना एकाच मापानं मोजू नका. व्हायकिंगांनी माणसं पकडून गुलाम म्हणून विकली, हेही खरंच. त्यांना धुऊन स्वच्छ करायचं नाही. म्हणणं इतकंच, की ‘चाचा’ हा शब्द वाचला की आधी विचारा : हे लिहिणारा कोण, आणि त्याचं जहाज कोणी धरलं होतं?