तांब्याचे कोडे

तंजावरच्या शोभिवंत थाळ्यांत पितळेच्या तळावर तांब्याचे आणि चांदीचे उठावकाम केलेले असते. विद्युत् वाहून नेण्यात चांदीचा क्रमांक पहिला आणि तांब्याचा दुसरा. तरीही आजवर साधता आलेल्या अत्यंत नीच तापमानातही हे दोन्ही धातू अतिसंवाहक झालेले नाहीत. म्हणजे त्यांचा विद्युत् रोध शून्यावर आलेला नाही. याउलट, वीज मंदपणे वाहून नेणारे शिसे उणे २६६ अंश सेल्सिअसला अतिसंवाहक बनते.

असे असता, १९८६ साली झुरिक येथे बेडनॉर्ट्स आणि म्यूलर यांना तांब्याच्याच एका ऑक्साइडात ही अवस्था उणे २३८ अंशांच्या सुमारास आढळली. पुढच्याच वर्षी यिट्रियमयुक्त ऑक्साइडाने उणे १८० अंशांपर्यंत मजल मारली. तेवढ्या थंडीला स्वस्त द्रव नायट्रोजन पुरतो.

ही शुद्ध संयुगे तर मुळात विद्युत् निरोधक! त्यांतील प्रत्येक तांब्याच्या आयनापाशी एक एकटा इलेक्ट्रॉन असतो आणि परस्परांतील प्रतिकर्षणामुळे कोणी शेजाऱ्याच्या जागी जाऊ शकत नाही. भरलेल्या पंगतीत पान बदलावे कसे? लॅन्थॅनमच्या जागी थोडे बेरियम घातले की काही पाने रिकामी होतात आणि हालचाल सुरू होते.

परंतु अतिसंवाहकतेसाठी इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमाव्या लागतात. १९५७ च्या सिद्धांतानुसार त्या स्फटिकजालाच्या कंपनांमुळे जमतात. फिलिप अँडरसन यांनी १९८७ मध्ये निराळेच सुचविले: विरुद्ध परिवलनाचे शेजारी निरोधकातच जोडीने बांधलेले असतात व हे बंध सतत जोडीदार बदलतात, रिकाम्या जागा त्यांना केवळ वाट करून देतात. मद्रासच्या गणितविज्ञान संस्थेचे गणपती भास्करन यांनी अँडरसन व आणखी एका सहकाऱ्यासमवेत त्याच वर्षी या कल्पनेला गणिती रूप दिले. कल्पना देखणी खरी, पण अडचण लवकरच उभी राहिली. न्यूट्रॉनांच्या प्रयोगांत शुद्ध संयुगातील परिवलने एकाआड एक उलट, अशी स्थिर मांडलेली दिसली. जोडीदार बदलणारा प्रवाही समूह तेथे नव्हता.

चुंबकीय आंदोलनेच जोड्या जुळवितात, असा दुसरा पक्ष आहे. जोडीच्या तरंगाचे चिन्ह दोन लंब दिशांना उलट असते, हे १९९० नंतरच्या प्रयोगांनी दाखविले. मात्र दोन्ही पक्षांनी तो आपलाच पुरावा मानला आणि वाद आजही मिटलेला नाही. दरम्यान, १९९३ साली पाऱ्याच्या संयुगाने उणे १४० अंशांच्या आसपासची पातळी गाठली. ते सापडले सिद्धांतकारांच्या वहीत नव्हे, तर रसायनशास्त्रज्ञांच्या भट्टीत.