स्वस्त तांदळाचा हिशेब

"तांदूळ स्वस्त झाला, तर कुठली बाई नको म्हणेल?" बचत गटाच्या बैठकीत मी हैतीचा विषय काढला, की हा प्रश्न येतोच. आणि तो रास्तही आहे. महिन्याचा किराणा भरताना धोरणं-बिरणं कुणाला सुचतात?

हैती हा कॅरिबियन समुद्रातला गरीब देश. १८०४ मध्ये फ्रेंचांच्या गुलामगिरीतून लढून सुटलेला. तिथंही भात आवडीचा, सोबत घेवड्याच्या दाण्यांचं कालवण. आर्तिबोनित नदीचं खोरं म्हणजे त्यांचं भाताचं कोठार. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत देशाला लागणारा बहुतेक तांदूळ देशातच पिकायचा. शेतकऱ्यांकडचा माल उचलून शहरात पोचवायच्या त्या बायकाच. 'मदान सारा' म्हणतात त्यांना. हे नाव एका कलकलाट करणाऱ्या पाखराचं! (आपल्या भाजीवाल्या मावशींना असं म्हणून बघा जरा.)

१९८६ नंतर बाजार खुला होऊ लागला. कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांचाही तोच आग्रह. १९९५ मध्ये परदेशी तांदळावरचा आयातकर ५० टक्क्यांवरून थेट ३ टक्क्यांवर आला. अमेरिकेचा तांदूळ बंदरात येऊन पडू लागला. तिथल्या शेतकऱ्याला सरकारी अनुदान, मोठाली यंत्रं. आर्तिबोनितचा तुकडाभर जमीनवाला त्याच्यापुढे कसा टिकणार? शहरातल्या बाईचे चार पैसे वाचले, हे नाकारून चालणार नाही. पण गावाकडं तिच्याच भावाच्या भाताला गिऱ्हाईक उरेना. शेतावर भागेना तशी माणसं राजधानी पोर्त-ओ-प्रिन्सच्या झोपडपट्ट्यांत येऊन राहिली. म्हणजे आता पिकवणारेही विकत घेणारेच झाले.

२००८ मध्ये जगभर धान्याचे भाव भडकले आणि हैतीत हाहाकार झाला. घरचं पीक मोडलेलं, बाहेरचं परवडेना. मातीत मीठ आणि चरबी कालवून उन्हात वाळवलेल्या चकत्यांवर गरिबांनी भूक मारली. एप्रिलमध्ये दंगली झाल्या, माणसं मेली, पंतप्रधानांना पद सोडावं लागलं.

मार्च २०१० मध्ये माजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे कबूल केलं, की या धोरणाचा फायदा आपल्या आर्कान्सातल्या काही शेतकऱ्यांना झाला असेल, पण हैतीच्या बाबतीत ती चूकच होती. इतक्या मोठ्या माणसानं असं बोलावं, याचं मला कौतुक वाटलं. पण पंधरा वर्षांत ज्यांची शेती गेली, त्यांचं काय?

आजही तिथला बहुतेक तांदूळ बाहेरूनच येतो. त्यात अलीकडच्या वर्षांत सशस्त्र टोळ्यांनी आर्तिबोनितमध्ये धुमाकूळ घातला, कित्येकांनी शेतं सोडली. नुसता कर वाढवून हे सावरेल, असं मला वाटत नाही. उद्या कर वाढला, तर आधी भाव वाढेल आणि झोपडीतल्या बाईचीच चूल थंडावेल. आधी पाणी, रस्ते आणि हक्काचं गिऱ्हाईक हवं. जागतिक अन्न कार्यक्रमानं तिथं मुलांच्या शाळेतल्या जेवणासाठी स्थानिक शेतकऱ्यांकडून माल घ्यायला सुरुवात केली आहे. मला तरी ते काम जास्त मोलाचं वाटतं.