दवाखानाच घरी आला

२००५ साली अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात इंग्लंडहून आठ टनांचा क्ष-किरण स्कॅनर आणण्यात आला. नाव ‘ब्लेडरनर’. एवढा खटाटोप कांस्याच्या गंजलेल्या काही तुकड्यांसाठी. ते इतके ठिसूळ की त्यांना बाहेर न्यायची सोय नव्हती. रोगी हलेना म्हणून दवाखानाच घरी आला.

हे तुकडे अँटिकिथेरा यंत्राचे, म्हणजे सूर्य-चंद्र-ग्रहांच्या गती दाखवणाऱ्या प्राचीन ग्रीक दातेरी चाकांच्या यंत्राचे. स्पंज काढणाऱ्या ग्रीक पाणबुड्यांना ते बुडालेल्या प्राचीन जहाजात १९०१ साली सापडले. क्ष-किरणांचा प्रयोग पूर्वीही झाला होता. त्या छायाचित्रांच्या आधारे डेरेक डी सोला प्राइस यांनी १९७४ साली यंत्राची पहिली सविस्तर मांडणी केली. पण सपाट छायाचित्रात सगळी चाकं एकावर एक उमटतात. कुठलं वर, कुठलं खाली, कुणाचे दाते कुणात अडकलेत, हे तर्कानंच ठरवायचं. प्राइस यांना त्यात दोन गतींतला फरक काढणारा डिफरन्शियल गिअर दिसला. पुढे ते चुकीचं ठरलं. दोष त्यांच्या बुद्धीचा नव्हता, चित्राला खोलीच नव्हती.

ब्लेडरनरनं ती दिली. तुकडा थोडाथोडा फिरवत घेतलेल्या असंख्य क्ष-चित्रांतून संगणकानं त्याची त्रिमितीय प्रतिमा रचली. मग हवा तिथे आडवा छेद घ्यायचा आणि एकेक चाक सुटं पाहायचं. गंजाच्या थरांत दडलेली अक्षरंही दिसू लागली. पृष्ठभागावरच्या झिजलेल्या लेखांसाठी दुसरी युक्ती होती: कॅमेरा स्थिर, प्रकाश मात्र दर वेळी वेगळ्या दिशेनं.

एका अर्धवट उरलेल्या चाकाचे दाते मूळचे २२३ असावेत, हे आता पक्कं झालं. ग्रहणं २२३ चांद्रमासांनी, म्हणजे अठरा वर्षांहून थोड्या जास्त काळानं, त्याच क्रमानं परततात. त्याच चाकावर बसवलेल्या जोडीत एका चाकाची खुंटी दुसऱ्याच्या खाचेत सरकते आणि चंद्राची कमी-जास्त होणारी गती फिरून दाखवते. मला तरी सगळ्यात थक्क करणारा भाग हाच वाटतो. हे निष्कर्ष २००६ साली ‘नेचर’मध्ये आले.

पुढच्या बाजूची ग्रहांची चाकं मात्र जवळजवळ सगळी हरवली आहेत, आणि नसलेलं चाक कुठलाच स्कॅनर दाखवत नाही. उरले ते लेख. त्यांत शुक्रासाठी ४६२ आणि शनीसाठी ४४२ वर्षांच्या चक्रांचे आकडे वाचता आले. त्यांवरून टोनी फ्रीथ आणि त्यांच्या लंडनमधल्या सहकाऱ्यांनी २०२१ साली पुढची बाजू कशी असेल याचा आराखडा मांडला. तो पटण्याजोगा आहे, पण अजून आराखडाच आहे.