चुलीजवळची राखण

चाळीस वर्षांपूर्वीचं कर्जत-खालापूरकडचं स्वयंपाकघर आठवलं की आधी धूर आठवतो. कारवीचा कूड, शेणाने सारवलेली जमीन, कोपऱ्यात चूल, वैलावर आमटीचं पातेलं आणि माळ्यावर पावसाळ्यासाठी रचलेली लाकडं. एक ठिणगी पुरे होती. पण चुलीपाशी घरातलं कुणीतरी बसलेलं असे. रात्री निखारे राखेखाली दडपल्यावर आजी पंजा वर धरून धग पाहायची, मगच अंथरुणाला पाठ टेकायची. आमच्या घराचा आगीचा इशारा म्हणजे तिचा तो हात.

मग रॉकेलचा स्टो आला. पिन मारायची, पंप मारायचा, भडका उडाला की मागे सरायचं, हे त्या पिढीतल्या बायका पदर खोचून शिकल्या. त्यात भाजलेल्या बायकांच्या आठवणी गावोगाव आहेत. मुंबईत १९५५ साली आलेला घरगुती गॅस आमच्या गावांत सावकाश पोहोचला. ठाकूर-कातकरी वाड्यांवरच्या बऱ्याच घरांत तर २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर. सिलिंडर परवडत नाही तेव्हा तिथे आजही चूल पेटते, कधी गॅसच्या शेजारीच.

गॅसने डोळ्यांतलं पाणी थांबवलं. पण बटण फिरवलं की ज्योत आपली आपण जळते, म्हणून चुलीजवळची राखणही उठली. पहाटेच्या लोकलसाठी डबा करणारी बाई कढई तापत ठेवून मुलाला उठवायला जाते. माझंही तसंच झालं. मी आतल्या खोलीत असताना तेल पेटलं आणि कळलं ते भिंतीवर हललेल्या उजेडाने. गॅस बंद करून कढईवर झाकण टाकलं, पाणी ओतलं नाही, म्हणून निभावलं. छतावरचा काळा डाग रंगाचे दोन हात देऊनही दिसतो.

त्या दिवसानंतर मी तापमानावर वाजणाऱ्या गजराची माहिती काढली. कल्पना जुनी आहे. बर्मिंगहॅमच्या जॉर्ज डार्बीने १९०२ मध्येच उष्णता ओळखणारं विजेचं यंत्र केलं होतं. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या रहिवासी इमारतीला जून २०१७ मध्ये लागलेल्या आगीत ७२ माणसं गेली. ती आग एका घराच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजपासून सुरू झाली होती. त्यानंतर स्कॉटलंडने कायदा बदलला आणि फेब्रुवारी २०२२ पासून प्रत्येक घराच्या स्वयंपाकघरात उष्णतेचा गजर सक्तीचा केला. आपल्याकडे कारखान्यात छतावर डिटेक्टर असतो. तिथून पाळी संपवून घरी येणाऱ्याच्या स्वयंपाकघरात मात्र काहीच नसतं.

धुराचा गजर आपल्या स्वयंपाकघरात टिकत नाही. मिरचीची फोडणी दिली, सुकट भाजली की तो कोकलणार आणि चार दिवसांत कुणीतरी बॅटरी काढून ठेवणार. उष्णतेचा गजर धुराकडे पाहत नाही. हवा साधारण ५७-५८ अंशांवर गेली की वाजतो. त्याला धुराच्या गजरापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून धुराचा गजर बाहेरच्या खोलीत हवाच. उष्णतेचा गजर छताला, पण शेगडीच्या बरोबर वर नको. एप्रिल-मेमध्ये कर्जतचा पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखालची हवा त्याहून तापते. तिथे तो आग नसतानाही वाजू शकतो, म्हणून अशा घरात जास्त तापमानाला वाजणारा घ्यावा. आणखी एक ध्यानात ठेवायचं: गॅसची गळती त्याला कळत नाही. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. त्याचा डिटेक्टर वेगळा आणि जमिनीलगत लावायचा. वास आला तर स्विचला हात न लावता रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा.

राखेवर पंजा धरून धग पाहणारं आता घरात कुणी नाही. यंदा दिवाळीच्या फराळाची कढई चढण्याआधी छताला तो गजर लावा आणि महिन्यातून एकदा बटण दाबून तो वाजतो का, ते स्वतःच्या कानांनी ऐका.