टर्बोचा दाब आणि एंजिनाची ताकद

डिझेल एंजिनाची शक्ति वाढविण्याचा सर्वांत सोपा दिसणारा मार्ग म्हणजे त्यास अधिक हवा पुरविणें. हें काम टर्बो करतो. एंजिनांतून निघणारा तप्त धूर एक चक्र फिरवितो व त्याच आंसावरचें दुसरें चक्र बाहेरची हवा दाबून आंत लोटतें. स्वित्झर्लंडचे आल्फ्रेड ब्यूखी यांनीं या युक्तीचें पेटंट १९०५ सालीं घेतलें. हवा अधिक म्हणून तेल अधिक जळतें, व तेल अधिक म्हणून शक्ति अधिक, हा हिशेब मुलांच्या चटकन् ध्यानांत येतो. परंतु वाढलेला भार सोसावयाचा कोणीं, हा प्रश्न बहुधा एंजिन बिघडल्यावरच विचारला जातो.

अमेरिकेंतील एक उदाहरण घेऊं. १९८९ सालच्या मॉडेलापासून डॉज कंपनीच्या ट्रकांत कमिन्सचें ५.९ लिटरांचें, सहा नळकांड्यांचें डिझेल एंजिन बसूं लागलें. मूळची शक्ति १६० अश्वशक्ति. पण ब्लॉक व हेड, म्हणजे एंजिनाचें धड व शिर, दोन्हीं ओतीव लोखंडाचीं. तेव्हां हौशी लोकांनीं त्यांतून दुप्पट-तिप्पट शक्ति काढण्याचा सपाटा लावला. तिकडे ट्रकांनीं जड ओझें ओढण्याच्या शर्यती भरतात. त्यांत टर्बोचा दाब कधीं कधीं दर चौरस इंचास १०० पौंडांच्या वर नेतात.

आतां थोडें गणित करा. या नळकांड्याचा व्यास १०२ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारें साडेबारा चौरस इंच. जळतांना आंतील दाब दर चौरस इंचास २००० पौंड झाला असें धरा. हेडावर खालून बसणारा धक्का २५००० पौंडांचा, सुमारें अकरा टनांचा! मिनिटास १८०० फेरे होत असतां प्रत्येक नळकांड्यांत असा धक्का सेकंदास पंधरा वेळां बसतो. हेड धडाशीं जखडणारे बोल्ट किंचित् ताणले, कीं मधल्या गास्केटांतून वायु निसटतो आणि गास्केट जळतें.

म्हणून मजबुतीचा आरंभ येथूनच करावा. बोल्ट आवळतांना तो ताणलाही जातो व पिळलाही जातो. त्याऐवजीं उत्तम पोलादाचे स्टड ब्लॉकांत आधीं बसवून वरून नट आवळला, तर ताण सरळ पडतो व ब्लॉकांतील आटे झिजत नाहींत. शर्यतीचे कारागीर याच्याही पुढें जाऊन नळकांड्याभोंवतीं खांच कापतात व तींत पोलादी कडें बसवितात.

झडपांच्या स्प्रिंगाही कडक लागतात. झडपेच्या पाठीचें क्षेत्रफळ दोन चौरस इंच धरलें, तर ४० पौंडांच्या दाबानें ८० पौंडांचा जोर तिला उघडूं पाहतो. कनेक्टिंग रॉड व त्याचे बोल्ट यांची पाळी त्यानंतर.

दट्ट्याची गोष्ट निराळी. त्याचा शत्रु दाबापेक्षां उष्णता. अॅल्युमिनियम सुमारें ६६० अंश सेंटिग्रेडला वितळतें. दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंटरकूलरांतून थंड करून आंत सोडावी लागते. तेल भरमसाट ओतून काळा धूर काढणें यांत कांहींजणांस पुरुषार्थ वाटतो. वस्तुतः तें अर्धवट जळलेलें तेल होय, आणि दट्ट्या करपतो तो बहुधा अशाच वेळीं. यास्तव जाणता मिस्त्री टर्बोला हात लावण्यापूर्वीं धुराच्या नळींत उष्णतामापक बसवितो, आणि चढावर त्याचा कांटा फार वर सरकूं लागला कीं चालकास पाय ढिला करावयास सांगतो.