क्लाउड-साठा आणि चित्रपटाची प्रत

काशीतील अस्सी मोहल्ल्याच्या जीवनावर आधारलेला ‘मोहल्ला अस्सी’ हा चित्रपट २०१५ साली, प्रदर्शनापूर्वीच, आंतरजालावर पसरला. चित्रपटगृहांत तो आला २०१८ साली. अशा प्रसारास ‘क्लाउड’ हे सुलभ साधन होय.

हा साठा मेघांत नसतो. कंपनीच्या दूरस्थ संगणकांवर आपणांस वापरावयास मिळालेली ती जागा असते. तेथील चित्रपटाचा दुवा एकाच मित्रास दिला, तरी तो सर्वांस खुला ठेवलेला असल्यास शेकडोंच्या हाती जातो. त्यासवे खातेदाराचे नावही उघड होऊ शकते. चित्रपटाऐवजी संपूर्ण संग्रहाचा दुवा दिला गेल्यास घरची छायाचित्रे व कागदपत्रेही परक्यांस दिसतात.

१९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या ६३ व्या कलमान्वये जाणूनबुजून केलेल्या भंगास ६ महिने ते ३ वर्षे कारावास व ५०,००० ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. नफ्याचा हेतू नसल्यास न्यायालय शिक्षा सौम्य करू शकते. अपराध मात्र पुसला जात नाही.

तथापि, चित्रपटावरील हा अधिकार प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. म्हणून फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चा उपलब्ध भाग कोणीही निःशंकपणे इतरांस द्यावा. प्रत देण्यापूर्वी वर्ष पाहावे, आणि दुवा देण्यापूर्वी तो कोणाकोणास उघडता येईल हेही पाहावे.