ऐंशी चौकोन

सुईला घाबरणारे लोक बघायचे असतील, तर एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या फिजिऑलॉजी प्रयोगशाळेत यावं. नीटमध्ये लाखोंना मागे टाकून आलेली पोरं डाव्या हाताची अनामिका स्पिरिटने पुसतात, लॅन्सेट उचलतात आणि तिथेच अडतात. "तू टोच ना मला." "नाही बाप्पा, तूच टोचून घे." या घासाघिशीत स्पिरिट वाळून जातं, तेवढा एक फायदा. ओल्या बोटावर टोचलं की रक्ताचा थेंब गोल उभा राहत नाही, पसरतो, आणि त्यातल्या पेशीही फुटतात.

नागपुरातल्या एका कॉलेजात मी रक्तातल्या लाल पेशी मोजण्याचं हे प्रॅक्टिकल घेते. मेडिकल असो, मेयो असो की मिहानमधलं एम्स, पहिल्या वर्षी ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री हेच तीन विषय. बाहेरच्यांना कुतूहल मात्र फक्त डिसेक्शन हॉलचं. दिवाळीला घरी गेलेल्या पोराला आत्या-मावश्या पहिला प्रश्न मृतदेहाचाच विचारतात. फॉर्मॅलिनने झोंबणारे डोळे, देहदान केलेल्यांपुढे घेतलेली शपथ, हॉस्टेलच्या खाटेखाली सीनिअरकडून आलेली हाडांची पेटी, हे किस्से सांगायला चांगलेच असतात. फिजिऑलॉजीकडे असा किस्सा नाही. पूर्वी निदान बेडूक होता आणि काजळी धरलेला ड्रम होता. आता बेडकाचा स्नायू संगणकाच्या पडद्यावर आकुंचन पावतो, आणि त्याबद्दल मला मुळीच वाईट वाटत नाही. प्रयोगाला जिवंत प्राणी लागतोच, तो बाकावर बसलेला असतो.

रक्ताचा पहिला थेंब पुसून टाकायचा. दुसरा आपोआप यायला हवा. बोट पिळलं तर रक्ताबरोबर ऊतींमधलं पाणी येतं आणि आकडा खाली घसरतो. डिसेंबरातल्या सकाळच्या बॅचला बोटं गार पडलेली असतात, थेंब येतच नाही. मग सगळा वर्ग तळहात चोळत बसलेला. हा थेंब लाल मण्याच्या पिपेटमध्ये रबरी नळीने ओढायचा, बरोबर ०.५च्या खुणेपर्यंत. मग हेमचं द्रावण १०१पर्यंत. पिपेट तळहातांमध्ये आडवी धरून फिरवायची, म्हणजे फुग्यातला मणी आतलं सगळं ढवळतो. इथे व्हायवाचा ठरलेला प्रश्न येतो: रक्त २०२ पट पातळ व्हायला हवं, मग आपण २०० का धरतो? उत्तर नळीतच आहे. फुग्याखालच्या बारीक नळीतला एक भाग द्रावण मिसळण्यात येतच नाही. म्हणजे अर्ध्या भागाला शंभर भाग. पाठ करून आलेला हे घडाघडा म्हणतो. ज्याला कळलंय, तो पिपेट उचलून बोटाने तो भाग दाखवतो.

पुढचं काम न्यूबॉवर चेंबरचं. जाड काचेवर कोरलेल्या, साध्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या रेघा, वर कव्हरस्लिप, मध्ये ०.१ मिलिमीटरची फट. सुरुवातीचे दोन-तीन थेंब टाकून द्यायचे आणि मग पिपेटचं टोक कव्हरस्लिपच्या कडेला टेकवायचं. द्रावण स्वतःच आत शिरतं. जरा जास्त झालं की बाजूच्या चरात सांडतं, की धुवा, पुसा, पुन्हा भरा. उन्हाळ्यात तर घाई करावी लागते, नाहीतर मोजणी अर्ध्यावर असताना कडेपासून द्रावण वाळायला लागतं.

मग पेशी तळाला बसेपर्यंत थांबायचं. हे थांबणं पोरांना सगळ्यांत अवघड जातं. आधी लो पॉवरवर रेघा शोधायच्या, मग हाय पॉवर, आणि उजेड कमी करायचा. उजेड वाढवला की जास्त दिसेल असं सगळ्यांना वाटतं, पण भरपूर उजेडात रंगहीन पेशी पुसून गेल्यासारख्या होतात. मधल्या भागात १६ छोट्या चौकोनांचे २५ गट असतात. चार कोपऱ्यांतले चार आणि मधला एक, एवढेच मोजायचे: ऐंशी चौकोन. रेघेवर बसलेल्या पेशी दोन बाजूंच्या धरायच्या, दोन बाजूंच्या सोडायच्या, नाहीतर एकच पेशी दोनदा मोजली जाते. बेरजेला १०,०००ने गुणायचं. ऐंशी चौकोनांत ५०० पेशी, तर एका घन मिलिमीटर रक्तात ५० लाख.

एकाच चेंबरवर दोघांना मोजायला लावते. एकाचे ४७८ येतात, दुसरीचे ५०९. "मॅडम, बरोबर कोणाचं?" दोघांचंही. पाचशेच्या आसपास पेशी मोजल्या, तर सगळं नीट करूनही निव्वळ योगायोगाने चाळीसेकांचा फरक पडू शकतो. हॉस्पिटलचं यंत्र मिनिटभरात हजारो पेशी मोजून देतं, मग ही जुनाट पद्धत काहून शिकवता, असं मुलं विचारतात, सहकारीही विचारतात. माझं मत पक्कं आहे. रिपोर्टवरचा आकडा कुठल्या कुठल्या ठिकाणी चुकू शकतो हे ज्याने डोळा लावून पाहिलंय, तो उद्या वॉर्डात ४.८ दशलक्षांवरून ४.६वर आलेला काउंट बघून घाबरणार नाही.

मोजून झाल्यावर मी खालच्या मजल्यावरच्या ॲनाटॉमीतलं कमरेचं हाड आठवायला सांगते, ज्याच्या प्रत्येक उंचवट्याचं नाव त्यांनी घोकलेलं असतं. प्रौढ माणसात लाल पेशी तयार होतात त्या त्या हाडाच्या, मणक्यांच्या आणि छातीच्या हाडाच्या मगजात. दर सेकंदाला सुमारे २० लाख. प्रत्येकीचं आयुष्य १२० दिवसांचं.

त्याच बाकावर हिमोग्लोबिन साहलीच्या पद्धतीने बघतात. नळीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, त्यात ०.०२ मिलिलिटर रक्त. दहा मिनिटांत ते तपकिरी होतं. मग थेंबथेंब पाणी घालत शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळवायचं. खिडकीकडे तोंड करून ओळीने उभ्या असलेल्या मुली नळ्या डोळ्यांसमोर धरतात, आणि आकडे येतात: १०.२, ९.८, ११. "मला तर काहीच होत नाही, मॅडम." सकाळी तर्री-पोहे, दुपारी मेसमधली आलूची भाजी आणि मधल्या वेळी चहा, अशा दिनक्रमात लोह कुठून येणार? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पाठ्यपुस्तकातला हा रक्तक्षय स्वतःच्या नळीत बघणं वेगळं असतं. दोन-चारजणी दरवर्षी ओपीडीत जातात, लोहाच्या गोळ्या सुरू होतात.

विदर्भात इथेच थांबता येत नाही. आर. एन. शुक्ला आणि बी. आर. सोळंकी यांनी १९५८मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी लिहिलं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन, एवढाच बदल. प्राणवायू कमी झाला की ते हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं आणि पेशी विळ्यासारखी वाकते. मी कव्हरस्लिपच्या कडा बंद करून मेटाबायसल्फाइटची स्लाइड दाखवते. नुसत्या काउंटमध्ये वाहकाच्या पेशी गोलच दिसतात, हे आधी सांगावं लागतं. नाहीतर आपल्या चेंबरमध्ये विळे दिसले नाहीत म्हणून मुलं निश्चिंत होतात.

एका बॅचमध्ये गडचिरोलीकडची एक मुलगी होती. धाकट्या भावाला सिकलसेल. पावसात भिजल्यावर त्याची हाडं कशी ठणकतात आणि हायड्रॉक्सियुरिया सुरू केल्यावर ॲडमिट होणं कसं कमी झालं, हे तिने वर्गाला सांगितलं. दोन्ही पालक वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता २५ टक्के, हे फळ्यावर मी लिहायच्या आधी तिनेच लिहिलं. मागून प्रश्न आला, "मग लग्न करूच नये का?" दोघांपैकी एक जण वाहक नसेल तर मुलाला हा आजार होत नाही, त्यामुळे लग्नाआधी दोघांनीही तपासून घ्यावं, एवढंच उत्तर. देशात १ जुलै २०२३पासून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, २०४७पर्यंतचं उद्दिष्ट आहे. पण आमच्या भागात वाहक हा शब्द स्थळं मोडायला अजून पुरेसा होतो.

म्हणून माझ्या वर्गात आकडे मोठ्याने वाचायचे नाहीत. ज्याचं त्याने जर्नलमध्ये लिहायचं, मी सही करते. सिकलसेलची चाचणी तर प्रॅक्टिकलचा भाग म्हणून कुणाचीच करत नाही. ज्याला हवी त्याने ओपीडीत जाऊन करावी, समुपदेशकाशी बोलूनच. काही सहकाऱ्यांना हे नखरे वाटतात. दहा पोरांच्या बाकावर गुप्त काय राहणार, असं ते म्हणतात. तरी नियम तसाच ठेवलाय. पुढच्या आठवड्यात पांढऱ्या पेशी: पांढरा मणी, टर्कचं द्रावण, कोपऱ्यांतले चौसष्ट मोठे चौकोन. आणि बोट पुन्हा स्वतःचंच.